मुगाचा बेवड आणि पुडीतले जिवाणू : प्रकल्प नोंदी

६ जून

प्रकल्पाचा विषय आज विभागात नक्की झाला. रायझोबियम म्हणजे शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं त्यांचं पुडीतलं जिवाणू खत आमच्या रानात काम करतं का, आणि करत असेल तर कुठं. सरांनी एकच अट घातली: 'एका वावरावर भागवू नकोस. ज्यांचा इतिहास वेगळा आहे अशी दोन वावरं घे.'

घरी तशी दोन आहेतच. औसा तालुका, दोन्हीकडं काळी जमीन. थोरल्या वावरात २० वर्षं खरिपाला सोयाबीन. ओढ्याकाठच्या वावरात गेल्या वर्षी खोडवा मोडेपर्यंत ऊस, त्याच्या आधी ज्वारी. तिथं सोयाबीनचा दाणा कधी पडलेला नाही, असं आबा खात्रीनं सांगतात.

संध्याकाळी ओसरीवर आबांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मुगाचा बेवड आम्ही जन्मभर बघितला. मुगावरली ज्वारी लांबून वळखू येती, काळीभोर. तवा कुठं पुडी होती?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण तो बरोबर आहे. बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी रानात मागं ठेवलेला कस, शेतकऱ्याला ठाऊकच होता, त्यामागचं कारण मात्र बऱ्याच उशिरा कळलं. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानं आपल्या बर्नबर्गच्या प्रयोगांतून दाखवलं की निर्जंतुक वाळूत, नत्र न देता लावलेला वाटाणा खुरटतो. त्याच वाळूत शेतातल्या मातीचं पाणी ओतलं की मुळांना गाठी येतात आणि तो उभा राहतो. ओट या तृणधान्याला मात्र त्या पाण्याचा काहीच उपयोग होत नाही. विल्फार्थ त्यांचे सहकारी होते. दोनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला.

म्हणजे पुडी नव्हती तेव्हा जिवाणू मातीतच होते. मुगाचे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोयाबीन मात्र आपल्याकडं पाहुणं पीक, त्याचा जोडीदार जिवाणू वेगळा. माझा प्रश्न एवढाच की तो आमच्या मातीत येऊन स्थिरावला आहे का.

१० जून

दोन पुड्या तपासायला घेतल्या. पुडी 'अ' आमच्याच विभागात केलेली: लिग्नाइट कोळशाची भुकटी चुनखडीनं उदासीन करून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून, त्यात जिवाणू मुरवलेले. ती थंड खोलीत होती. पुडी 'ब' बाजारातली. दुकानात दाराजवळच्या खिळ्याला माळ करून टांगलेली, वर पत्रा. उन्हाळाभर ती तिथंच असावी. मुदत संपायला अजून चार महिने आहेत.

प्रत्येकीतली १ ग्रॅम भुकटी पाण्यात मिसळून दहा-दहा पटींनी पातळ करत नेली आणि त्यातलं ०.१ मिली, काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल अगरवर (जिवाणू वाढवायच्या थरावर) पसरलं. प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून २८ अंशांवर ठेवल्या. उजेड लागला तर रायझोबियमच्या वसाहतीही रंग ओढून घेतात आणि मग परक्या ओळखता येत नाहीत.

१२ जून

'ब'च्या प्लेटवर दोनच दिवसांत मोठ्या, लाल, चिकट वसाहती. जीव हरखला आणि लगेच खाली बसला. हे आपले नव्हेत. सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडिरायझोबियम. 'ब्रॅडी' म्हणजे संथ, आणि तो नावाप्रमाणंच वागतो: पाच ते सात दिवस घेतल्याशिवाय दिसत नाही.

१७ जून

'अ'च्या प्लेटवर आज मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या, पांढऱ्या, फुगीर वसाहती. दहा लाख पट पातळ केलेल्या तीन प्लेटांवर ४१, ३६ आणि ४३. हिशेब केला तर ग्रॅमला ४० कोटी जिवंत पेशी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी हव्यात.

'ब'च्या त्याच पातळीच्या प्लेटा कोऱ्या. दहा हजार पट पातळ केलेल्या प्लेटवर बुरशीच्या गर्दीत आपल्यासारख्या दिसणाऱ्या तीन. म्हणजे ग्रॅमला ३ लाख. छापलेली तारीख शाबूत आहे, पण आतले जीव गेले. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या जिवंत वस्तूचं दुसरं काय होणार? याचा मला खरोखर राग आला. शेतकरी पैसे मोजून ती पुडी नेतो, सांगितल्याप्रमाणं बियाण्याला लावतो, गुण येत नाही, आणि पुढच्या वर्षी म्हणतो की जिवाणू खत खोटं. मातीसारखी दिसणारी पुडी मेली आहे की जिवंत, हे त्यानं डोळ्यांनी ओळखावं तरी कसं!

'ब' फेकून न देता प्रयोगातच घ्यायची ठरवली. शेतकऱ्याच्या हातात जे पडतं त्याचीही परीक्षा व्हायला हवी.

२३ जून

पेरणी. चार दिवसांत ९२ मिमी पाऊस झाला, आज वापसा आला.

वाण जेएस ३३५, बी घरचं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण आधीच बघितली होती, ७८ आले. ७० च्या वर म्हणजे पेरणीजोगं.

मांडणी अशी. थोरल्या वावरात दोन प्रकार: विना पुडी आणि पुडी 'अ'. ओढ्याकाठी चार: विना पुडी, 'अ', 'ब', आणि 'अ' अधिक युरिया. प्रत्येक प्रकाराचे तीन पट्टे, एकूण १८. पट्टा सहा तासांचा (तास म्हणजे पेरणीची ओळ), ५ मीटर लांब, दोन तासांत ४५ सेंमी. पट्ट्यांमध्ये मोकळी जागा आणि वरंबा, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर जिवाणू शेजारी जायला नकोत.

१२५ ग्रॅम गूळ १ लिटर पाण्यात उकळून रात्रीच गार करून ठेवला होता. किलोला २५ ग्रॅम भुकटी. आईनं पहिल्याच हाताला मला थांबवलं: "ज्वारीवानी चोळू नको, टरफल सुटंल." सोयाबीनचं साल फार नाजूक. तिनं घमेल्यात दाणे घेऊन घमेलंच हलवत हलवत काळ्या भुकटीचा पातळ थर चढवला. दाणे एकमेकांवर घरंगळत होते, आधी पिवळे, मग चट्ट्यापट्ट्याचे, मग सगळे एकसारखे मळकट काळे. लिंबाखाली गोणपाटावर पसरले. ऊन लागू दिलं नाही. तासाभरात सुकले आणि लगेच पेरले.

दाण्यामागं किती जिवाणू? १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम, म्हणजे किलोत सुमारे ८,३०० दाणे. सगळी भुकटी चिकटली असं धरलं तर 'अ'मध्ये दाण्याला १२ लाख, 'ब'मध्ये ९००.

चूक माझी झाली. आधी सगळे विना पुडीचे पट्टे पेरायचे, मग पुडीचे, असं ठरलं होतं. ओढ्याकाठच्या तिसऱ्या विना पट्ट्यातले कडेचे दोन तास राहून गेले. ते मी 'अ'चं बी हाताळून झाल्यावर, हात न धुता टाकले. त्या दोन तासांना लाल चिंधी बांधली आहे, ते हिशेबात धरायचे नाहीत.

३० जून

उगवण चांगली. थोरल्या वावरात दोन ठिकाणी गोगलगायी, वेचून काढल्या.

८ जुलै

१५ दिवस झाले. प्रत्येक प्रकारातलं एकेक रोप मातीच्या ढेकळासकट काढून बादलीत भिजत घातलं. माती आपोआप सुटली. रोप उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात आणि आपण म्हणतो की गाठी नाहीत.

ओढ्याकाठच्या 'अ'च्या रोपावर, सोटमुळाच्या वरच्या भागात खसखशीएवढे पाच-सहा उंचवटे. भिंग लावून बराच वेळ बघत बसले. बाहेरून एवढंच दिसतं, पण आत केवढी बोलाचाली होऊन गेली असेल! मूळ आधी जेनिस्टीनसारखी द्रव्यं मातीत सोडतं. ती ओळखणारा जिवाणू उलट एक साखरेच्या साखळीचा निरोप धाडतो. निरोप जुळला तरच मुळाचा केस टोकाशी आकडीसारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो, आणि त्याला आत न्यायला एक बारीक नळी तयार होते. तोवर आतल्या पेशी विभागायला लागलेल्या असतात. गाठ ही रोपानं पाहुण्यासाठी बांधलेली खोलीच आहे, आणि ती ओळख पटल्याशिवाय बांधली जात नाही. म्हणूनच हरभऱ्याच्या जिवाणूला सोयाबीन दार उघडत नाही.

आईनं विचारलं, मग ज्वारीला अशी गाठ का आणता येत नाही? ज्वारीला ही खोलीच बांधता येत नाही. अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम हे नत्र धरणारे जिवाणू तिच्या मुळांपाशी राहतात, पण असा घरोबा नाही.

१३ जुलै

ओढ्याकाठचं सोयाबीन पिवळट दिसतंय, चारही प्रकारांत. थोरल्या वावरातलं तेवढं नाही.

पप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "सगळ्यालाच थोडा थोडा युरिया देऊ का? पीक हातचं जाईल, बाई." त्यांची काळजी मला कळते. खताची मूठ हातात असताना पिवळं पीक नुसतं बघत राहणं सोपं नाही. त्यांना एवढंच म्हटलं, "पप्पा, आठ दिवस द्या. दाण्यातली शिदोरी संपलीय आणि गाठी अजून कामाला लागल्या नाहीत. हा मधला उपास आहे."

ठरल्याप्रमाणं 'अ + युरिया'च्या तीन पट्ट्यांनाच प्रत्येकी १०० ग्रॅम युरिया दिला, एकरी ३० किलोच्या हिशेबानं.

२२ जुलै

युरियाचे पट्टे चारच दिवसांत हिरवे झाले होते. 'अ'चे पट्टे आज वळले, शेंड्याची नवी पानं गडद आहेत. 'विना' आणि 'ब' पिवळेच. पप्पा काही बोलले नाहीत, पण 'अ'च्या पट्ट्यात खाली बसून पान उलटं-सुलटं करून बघत होते.

६ ऑगस्ट

४४ वा दिवस, पीक फुलात. मोजणीचा दिवस. पट्ट्यातून पाच झाडं, म्हणजे प्रत्येक प्रकाराची १५. कुदळीनं वीतभर लांबून खणून, बादलीत भिजवून, पांढऱ्या कापडावर. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत आई आणि मी.

थोरलं वावर: विना पुडी झाडाला सरासरी ३८ गाठी, 'अ' लावून ४१. फरक नाहीच म्हणायचा. २० वर्षांत हा जिवाणू इथं चांगलाच स्थिरावला आहे. पीक नसतानाही तो मातीत तग धरून राहतो.

ओढ्याकाठ: विना पुडी २, त्यातही नऊ झाडांना एकही नाही. 'ब' लावून ४. 'अ' लावून ३४. 'अ' आणि युरिया, ११.

गाठी कुठं आहेत हेही लिहिलं पाहिजे. ओढ्याकाठच्या 'अ'मध्ये बहुतेक सोटमुळावर, खोडाच्या बुडाशी घोस केल्यासारख्या. बियाण्याबरोबर गेलेला जिवाणू पहिल्या मुळालाच धरतो. थोरल्या वावरात त्या बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या, कारण तिथं जिवाणू मातीत सगळीकडं आहे, मूळ पोचेल तिथं भेटतो.

मग गाठी कापल्या. मुगाएवढी गाठ ब्लेडनं मधोमध चिरली की आत लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखी ओली. आबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितली, आणि म्हणाले, "रगत हाय की."

जवळजवळ तसंच आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागला की कायमचं निकामी होतं. पण जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच मोजून पुढं देतं. गाठ आतून लाल असेल तर आत काम चालू आहे, पांढरी असेल तर नुसता पाहुणचार, हिरवी झाली तर काम संपलं. मोजणीपेक्षा ही खूण शेतकऱ्याच्या जास्त उपयोगाची, कारण तिला नखही पुरतं.

हवेत ७८ टक्के नत्र, पण त्याच्या दोन अणूंची गाठ तिहेरी. कारखान्यात ती सोडवायला ४०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. इथं तेच काम लोह आणि मॉलिब्डेनमच्या आधारानं, ओल्या मातीत, दाण्याएवढ्या गाठीत चालतं. फुकट मात्र नाही. नत्राच्या एका रेणूमागं एटीपीचे किमान १६ रेणू खर्च होतात, आणि ते इंधन झाड आपल्या साखरेतून पुरवतं. म्हणूनच युरियाच्या पट्ट्यात ११ गाठी: आयतं नत्र मिळाल्यावर झाड हा खर्च कशाला करेल?

लाल चिंधीचे दोन तास हिशेबाबाहेर होते, तरी खणून बघितले. झाडाला सरासरी १२. न धुतलेल्या हाताला लागलेल्या भुकटीनं एवढं केलं! जिवंत जिवाणू थोडा पुरतो. मेलेला पुडीभर असून उपयोग नाही.

२५ ऑगस्ट

१३ दिवस पावसाचा थेंब नाही. जमिनीला भेगा. दुपारी पानं उलटी पडतात. 'अ'ची तीन झाडं काढली. गाठी सुरकुतल्यात, निम्म्याहून जास्त आतून फिकट. पानांच्या आधी पाण्याचा ताण गाठींना लागतो, हे आज डोळ्यांनी बघितलं. जीव तुटतो, पण ओढ्यात पाणी नाही.

२ सप्टेंबर

पाऊस झाला. काही गाठी पुन्हा लाल. ज्या हिरव्या झाल्या त्या गेल्याच.

३ ऑक्टोबर

काढणी आणि मळणी झाली. कडेचे तास सोडून मधल्या चार तासांचं वजन, पट्ट्यामागं ९ चौरस मीटर. सरासरी अशी:

थोरलं वावर, विना पुडी १.८ किलो, 'अ' १.८ किलो. ओढ्याकाठ, विना १.१, 'ब' १.१५, 'अ' १.७, 'अ' आणि युरिया १.७५.

युरियाचा ५० ग्रॅमचा फायदा एकाच प्रकाराच्या तीन पट्ट्यांतल्या आपसातल्या फरकापेक्षाही लहान आहे, त्यामुळं त्यावर काही म्हणता येत नाही. एका हंगामाचा प्रयोग आहे, तोही मधे उघडीप पडलेला. 'अ' आणि विना यांच्यातला फरक मात्र तिन्ही पट्ट्यांत त्याच बाजूला आणि तेवढाच ठळक आहे.

पप्पांनी बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) मोडताना विचारलं, आता सोयाबीनचा बेवड मुगासारखा मिळेल ना? या प्रश्नाचं उत्तर देताना मला हात राखावा लागला. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. गाठींनी हवेतून आणलेल्या नत्रातला मोठा वाटा दाण्यात जातो आणि पोत्यात बसून लातूरच्या आडतीवर पोचतो. रानात राहतात ती मुळं, झडलेली पानं आणि गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. म्हणून गुळी पेटवायची नाही, एवढं तरी घरात ठरवून घेतलं. या वर्षी ती ओढ्याकाठच्या वावरातच पसरायची.

२१ ऑक्टोबर

ओढ्याकाठी हरभरा. 'अ'ची पुडी उरली होती, पप्पा म्हणाले तीच लाव. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेसोरायझोबियम. तो विभागातून आणला. तरी बघायला म्हणून दोन तास सोयाबीनच्या पुडीचे पेरले, आणि दोन विना पुडीचे. या वेळी प्रत्येक पुडीनंतर साबणानं हात धुतले.

५ डिसेंबर

हरभऱ्याची मोजणी, ४५ वा दिवस. सोयाबीनच्या पुडीच्या तासांत झाडाला तीन-चार गाठी, विना पुडीच्या तासांतही तेवढ्याच. हरभऱ्याच्या पुडीच्या तासांत १९. आकार निराळा: सोयाबीनची गाठ वाटोळी, ही लांबट, टोकाकडून वाढत जाऊन बोटांसारखी फाटलेली.

मी आकडे लिहीत असताना पप्पांनी एक गाठ नखानं चिरली, उजेडाकडं धरली आणि बांधावरून शेजारच्या काकांना हाक मारली, "हिकडं ये, तुझ्या रानातलं एक झाड खणून आण बरं. उपटू नको, खणून आण."

थोरल्या वावरातल्या सोयाबीनच्या गाठी सिलिका जेलवर सुकवून नळ्यांत ठेवल्या आहेत, २४ नळ्या. आमच्या मातीत २० वर्षं टिकलेला आणि ऑगस्टची उघडीप सोसलेला जिवाणू त्यांत आहे. सोमवारपासून त्याला वेगळा काढायला घेते.